पालाश म्हणजे पोटॅशियम? नाही हो!

प्रश्न असा आलाय की मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पोटॅशियम लिहिलंय आणि खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाश, मग पालाश म्हणजे पोटॅशियमच ना, आणि हे शब्द आले कुठून?

नत्र म्हणजे नायट्रोजन, ते सगळ्यांना माहितीये. स्फुरद संस्कृतातल्या स्फुर् वरून, चमकणारं, फॉस्फरसचा ग्रीक अर्थही प्रकाश आणणारा, वाद नाही.

पालाशवरून मात्र माझं रोज डोकं फिरतं. यूट्यूबवरचे शेतीतज्ज्ञ खुशाल सांगतात 10:26:26 मधे (पोत्यावरचे नत्र, स्फुरद, पालाश ह्यांचे टक्के, त्याच क्रमाने) 26 टक्के पोटॅशियम. अहो नाही! तो आकडा पोटॅशियम ऑक्साईडच्या हिशोबात असतो, खरं पोटॅशियम काढायचं तर 0.83 ने गुणा, साडेएकवीसच्या आसपास येतं. आणि म्युरेट ऑफ पोटॅश, दुकानात ज्याला नुसतं पोटॅश म्हणतात, ते पोटॅशियम क्लोराईड, त्यात ऑक्सिजनचा अणू औषधालाही नाही तरी पोत्यावर 60 टक्के पालाश! जुने केमिस्ट झाडं जाळून राख तपासायचे नि उत्तर ऑक्साईडमधे द्यायचे, ती सवय अजून सुटली नाही.

आणि राख म्हटलं की खरी मजा. इंग्रजी पोटॅश म्हणजे पॉट अधिक ॲश, लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून भांड्यात आटवलं की खाली राहतो तो खार (पोटाशी काही संबंध नाही, काहीजण 'पोटाश' म्हणतात म्हणून सांगतोय). 1807 साली हम्फ्री डेव्ही ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कॉस्टिक पोटॅशमधून (म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साईड) वीज सोडून धातू वेगळा काढला आणि पोटॅशियम नाव ठेवलं. चिन्ह K, ते कॅलियमचं, आणि त्याचं मूळ अरबी अल-कली, म्हणजे परत झाडाची राखच! आता आपल्याकडे बघा, सुश्रुतसंहितेत क्षार करायला जाळायच्या झाडांच्या यादीत पळस आहे, आणि पळसाचं ते संस्कृतात पालाश. माझं ठाम मत आहे की ज्याने कोणी हा शब्द खतासाठी उचलला त्याला 'पोटॅश'शी जुळणारा आवाज आणि पळसाचा क्षार दोन्ही एका दगडात मारायचे होते. ह्याहून सुंदर पारिभाषिक शब्द मराठीत मला तरी दुसरा दिसत नाही.

काही विद्वान म्हणतात पलाश म्हणजे पान, म्हणून पानं वाढवणारं ते पालाश. वा! पाला वाढवायचं काम नत्राचं, एवढं तर ऊसवाला पण सांगेल. पोटॅशियम बघतं पानांवरच्या रंध्रांची उघडझाप आणि साखर फळांकडे पोचवणं, ते कमी पडलं तर जुन्या पानांच्या कडा करपतात. शब्दकोश उघडण्याआधी जरा शेतात जाऊन बघावं माणसाने.