पावसाळ्यात पुन्हा पुन्हा येणारी दगडी: आधी गाईची बसायची जागा बघा

मुरबाडच्या दादांनी विचारलंय: सहा संकरित गाई, खाली रबर मॅट, वर वखारीतला लाकडाचा भुसा, गोठा दिवसातून तीनदा धुतला जातो. तरीही आषाढ लागल्यापासून तीन गाईंना आळीपाळीने दगडी (कासदाह, म्हणजे जंतूंमुळे कास सुजणं) झाली. सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या की उतरते आणि पंधरवड्यात दुसऱ्याच सडात येते. औषध बदलावं का?

दादा, आधी जागा सुधारा, औषधाचं नंतर बघू. वेगवेगळ्या गाईंना, वेगवेगळ्या सडांत, पाऊस लागल्यावर अचानक येणारी दगडी बहुतेक वेळा शेणामुतातल्या आणि ओल्या अंथरुणातल्या जंतूंची असते: ई. कोलाय, क्लेबसिएला, स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस. एकाच गाईचा एकच सड महिनोन्‌महिने त्रास देत असता, तर धार काढणाऱ्याच्या हातावर आणि कास पुसायच्या फडक्यावर संशय घेतला असता. जागा ओली राहिली तर ट्यूबने आजचा जंतू मरतो, उद्याचा तयार असतो.

गाय दिवसातले दहा-बारा तास बसून काढते. त्या वेळात कास टेकते ती फक्त मागची दोन-अडीच फूट जागा. खरी मेख तिथेच आहे. पहाटे गाय उठल्या उठल्या नेमकं तिथे गुडघा टेकून अर्धा मिनिट बसा. कपडा ओला झाला, तर सड रात्रभर त्याच ओलीत होते. मग मॅटची मागची कड उचला. खाली काळा लगदा निघाला आणि डोळे चुरचुरले, तर मूत मॅटखाली मुरतंय. मॅट गुडघे वाचवते, ओल शोषत नाही. तिला अंथरूण समजू नका. आठवड्यातून एकदा उचलून खालची जमीन खरवडा, वाळू द्या, मगच परत टाका. जमिनीला नालीकडे चाळीस फुटांत एक फूट तरी उतार हवा. मॅटखाली पाणी साचत असेल तर उतार बसलेला आहे, तिथे कोबा पुन्हा करावा लागेल.

आता भुसा. ओल्या लाकडाच्या भुशात क्लेबसिएला आधीपासूनच असू शकतो, आणि बारीक पीठ सडाच्या टोकाला चिकटून बसतं. अंथरुणात ग्रॅममागे दहा लाखांवर जंतू गेले की धोका वाढला असं धरतात, आणि शेणामुताने भिजलेला भुसा एक-दोन दिवसांत तिथवर पोचतो. म्हणून वरून नवा थर टाकत राहणं हा उपाय नाही. मागच्या भागातला भुसा रोज पूर्ण काढायचा आणि कोरडा टाकायचा. मुठीत दाबून बघा: गोळा झाला तर तो वापरू नका. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंक आणि खिळे येतात.

आपल्याकडे भाताचा पेंढा सोपा पडतो. दोन-तीन इंच चिरून टाकला तर ओल चांगली शोषतो. गाईमागे रोज दोन-तीन किलो धरा. पण पेंढ्यात युबेरिस माजतो, त्यामुळे तोही रोजच बदलायचा. पांढरी भुरी आलेला, कुबट वासाचा पेंढा अंथरुणालाही नको. साठा वैशाखात भरायचा आणि फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवायचा. भाताचा तूस स्वस्त मिळतो, पण तो ओल फारशी शोषत नाही आणि सडाला टोचतो. स्वच्छ वाळू जंतूंच्या दृष्टीने सगळ्यात चांगली, मात्र ती नाली आणि गोबरगॅसची टाकी भरून टाकते. खाडीची वाळू तर नकोच, खारट असल्याने ओल धरते.

तीनदा धुणं बंद करा. ठाणे जिल्ह्यातल्या पावसाळी हवेत धुतलेली फरशी दिवसभर वाळत नाही, आणि गाय त्याच ओलीवर बसते. शेण दिवसातून चार-पाच वेळा कोरडंच ओढा. पाणी एकदाच, सकाळी गाई बाहेर असताना, आणि लगेच वायपर मारा. पाऊस अडवायला बांधलेल्या ताडपत्रीचंही तेच. चारी बाजूंनी गच्च बांधली की वाफ आणि अमोनिया आत कोंडतो. वरचा दोन फूट भाग उघडा ठेवा, छपराची पागोळी बाहेर वाढवा, पंख्याचा वारा बसायच्या जागेवर येईल असा लावा.

चुना वापरायचा असेल तर विरलेला, गाईच्या जागेला मागच्या भागात साधारण अर्धा किलो, अंथरुणाखाली. परिणाम जेमतेम एक-दोन दिवस टिकतो. जास्त टाकला तर सड फाटतात, आणि फाटलेल्या सडात जंतू घर करतात. कळीचा चुना कदापि नको, कातडी भाजते.

धार काढताना अख्खी कास धुऊ नका. वरचं घाण पाणी ओघळून सडाच्या टोकाशी येतं. फक्त सड पुसा, प्रत्येक गाईला वेगळं कोरडं फडकं. धार काढून झाली की अर्धा टक्का आयोडीनच्या द्रावणात सड बुडवा. धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास उघडं असतं, तेवढा वेळ गाय बसता कामा नये. म्हणून ताजी वैरण गव्हाणीत धारेनंतरच टाका, म्हणजे ती उभी राहून खाईल. कासेवरचे लांब केस आणि शेपटीचा गोंडा कापून ठेवा.

भाकड गाईंकडे दुर्लक्ष होतं, आणि दूध आटवल्यानंतरचे व विण्याआधीचे दोन-दोन आठवडे सगळ्यात नाजूक असतात. गोठ्यातला सगळ्यात कोरडा कोपरा त्यांना द्या.

तिन्ही गाईंचं दूध ट्यूब सोडण्याआधी तपासायला द्या. सड स्पिरिटने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, निर्जंतुक बाटलीत नमुना घ्या आणि बर्फात ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. कोणतं औषध लागू पडतं तेही तपासायला सांगा. आणि एखाद्या गाईला ताप चढला, दूध पिवळट पाण्यासारखं आलं, ती चारा सोडून बसून राहिली, तर सकाळची वाट बघू नका. कोलायचं विष काही तासांत गाय घेऊन जातं, डॉक्टरांना त्याच वेळी फोन करा.