आधी त्या माणसाकडे जा

प्रिय पोरी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा उपासना सुटल्यावर पेटी झाकता झाकता जे बोललीस ते डोक्यातून जात नाही. "काका, मी प्रार्थना करते, लोक आमेन म्हणतात आणि माझ्या आत काहीच हलत नाही. मी ढोंगी आहे. पुढच्या रविवारपासून येणार नाही."

पेटी दुसरं कुणीही वाजवेल. पण ढोंग कशाला म्हणायचं इथंच तुझी गल्लत झालीय, आणि ती तशीच राहू द्यायला माझं मन घेत नाही.

आत कोरडं पडलं म्हणून माणूस ढोंगी होत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 सालचा. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त सापडायला पुढं कितीतरी वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मधल्या त्या वर्षांत, 1889 मध्ये, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि विधवा मुलींना जवळ केलं. आत काही हलतंय का ते बघत बसल्या असत्या, तर त्या पोरींनी कुठं जायचं होतं?

पवित्र शास्त्रात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढ. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. नीट वाच. तुझ्या मनात काय चाललंय हे प्रभूनं विचारलेलंच नाही. भावाच्या मनात काय आहे ते विचारलंय. मला हे कळायला फार उशीर झाला.

1996 च्या उन्हाळ्यात आम्ही मागची खोली बांधली. गवंड्याचे अठराशे रुपये राहिले होते. गिलाव्याला चीर गेली एवढं निमित्त मला पुरलं. तो दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा रविवारी सकाळी आला, धुतलेला सदरा घालून. मी पांढऱ्या कपड्यांत, काखेत पवित्र शास्त्र, फाटकाची कडी काढत होतो. म्हणालो, "आज प्रभूचा दिवस. आज मी व्यवहार करत नाही." त्यानं माझ्या काखेतल्या पुस्तकाकडं पाहिलं, "बरं साहेब" म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही.

त्याच दिवशी प्रार्थना माझ्याकडं होती. बोलता बोलता माझा गळा दाटला, बायका पदरानं डोळे पुसत होत्या. ते अश्रू खरे होते, पोरी. त्या दिवशी माझ्या आत सगळं हललं होतं! आणि अठराशे रुपये माझ्या कपाटात होते.

तीन वर्षांनी त्याला शोधायला निघालो. मजूर अड्ड्यावर विचारलं, त्याच्या वस्तीत गेलो. कुटुंब घेऊन पुण्याकडं गेला, एवढंच कळलं. ते पैसे मी दुसऱ्या एका गरजूला दिले, पण त्यानं हिशोब मिटला नाही. शुभवर्तमानातल्या त्या जकातदार जक्कयानं येशूपुढं चौपट परत करीन म्हटलं ते ज्याला फसवलं त्यालाच.

तेव्हापासून कुणाची मजुरी मी शनिवारची रविवारवर जाऊ दिलेली नाही. कमिटीत नव्या स्पीकरचा विषय निघाला तेव्हा झाडलोट करणाऱ्या बाईंचा थकलेला पगार आधी द्या म्हणून मी अडून बसलो. एकदा प्रभुभोजनाच्या रांगेतून बाहेर पडून शेजाऱ्याच्या दारात गेलो. लोक हेकट म्हणतात. तुझी काकूसुद्धा म्हणाली, "हे गुपचूप करता आलं नसतं का? प्रार्थना खोलीत दार लावून करायची असते." खरंय. पण मी त्या गवंड्याला फाटकावर, रस्त्यावरची माणसं बघत असताना परत पाठवलं होतं. मग पाऊल मागं घेतलं तेही लोकांना दिसलं तर काय बिघडलं? यावर मी आजही हटणार नाही.

आता तुझं. परवा बोलता बोलता एक वाक्य घाईघाईनं उरकलंस. "ताईनं माझ्या नर्सिंगच्या फीसाठी बांगड्या गहाण टाकल्या होत्या, त्यावरून नाताळापासून बोलणं नाही, पण तो विषय वेगळा." वेगळा कसा? तासभर कोरडेपणाबद्दल बोललीस आणि बांगड्यांवर एक वाक्य! तुला नोकरी लागून वर्ष होत आलं. आधी ताईकडं जा. सगळे पैसे नसतील तर असतील तेवढे ने, आणि उरलेले कधी देणार ती तारीख तिला सांग. फोनवर उरकू नकोस. आधी जा, आत काही हललं नाही तरी जा.

शनिवारी ड्यूटी सुटल्यावर श्रीरामपूरची एसटी मिळते. रात्री तिथंच राहा. रविवारी पोचायला उशीर झाला तर काळजी करू नकोस, पेटीवर कुणाला बसवायचं ते मी बघतो.

तुझे,
काका