टीएसएचचा आकडा एकटा वाचू नकोस

फोंडा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. इंटर्नशिप सुरू झाल्यापासून थायरॉइडचे रिपोर्ट सतत हाती येतात आणि आकडा छापील मर्यादेत बसला की मन निश्चिंत होते, असे तू लिहिले आहेस. त्या निश्चिंतीविषयीच आज लिहितो.

संप्रेरक रक्तात किती आहे, हा प्रश्न अर्धाच असतो. ते स्रवण्याचा हुकूम कोण देतो आणि तो हुकूम कशाने आवरला जातो, हे कळल्याखेरीज आकड्याला अर्थ येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक स्रवते, त्याच्या जोरावर थायरॉइड थायरॉक्सिन तयार करते आणि रक्तातले थायरॉक्सिन पुरेसे झाले की तेच उलट पीयूषिकेला आवरते. त्यामुळे थायरॉइड थकली की टीएसएच चढते, आणि थायरॉक्सिन थोडेसे उतरले तरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढते. म्हणूनच ही तपासणी इतकी उपयोगी आहे. पण पीयूषिका स्वतः धडधाकट आहे, हे गृहीत धरूनच.

सत्तरी तालुक्यातून आलेली एक बाई मला या संदर्भात नेहमी आठवते. कमालीचा थकवा, थंडी सोसवत नाही, रक्तदाब कमी. टीएसएच मात्र मर्यादेत, म्हणून अशक्तपणाच्या गोळ्या देऊन तिची बोळवण झाली होती. शेवटच्या बाळंतपणाबद्दल विचारले तेव्हा तिने सांगितले, की रक्तस्राव फार झाला होता, बाळाला पाजायला दूध आलेच नाही आणि त्यानंतर पाळीही परतली नाही. काखेतले केस गळून गेले होते. फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातले मुक्त थायरॉक्सिन, करून घेतले, ते बरेच खाली आले. बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावाने पीयूषिकेचा रक्तपुरवठा तुटतो, तो हा शीहान सिंड्रोम. अशा वेळी लगेच थायरॉक्सिन लिहायचे नाही, हे मनात पक्के कोरून ठेव. आधी सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल, म्हणजे पीयूषिकेच्याच हुकमाने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्रवतात ते संप्रेरक, तपासायचे आणि तेही कमी असेल तर प्रथम त्याची भरपाई करणारे हायड्रोकॉर्टिसोन द्यायचे, कारण थायरॉक्सिनमुळे शरीरातले उरलेसुरले कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्ची पडते आणि रुग्ण जिवावरच्या संकटात सापडू शकतो.

थायरॉइडच थकल्याने होणाऱ्या नेहमीच्या हायपोथायरॉइडिझममध्ये एवढी गुंतागुंत नसते; तिथे थायरॉक्सिनची गोळी घेण्याची रीत विचारावी लागते. पोदेराचा, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याचा, हॉर्न ऐकून उठायचे आणि चहा-पावाबरोबरच गोळी गिळायची, हे आपल्याकडे घरोघरी चालते. ती उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास दूर. थायरॉक्सिनचे अर्धआयुष्य सुमारे 7 दिवसांचे असल्याने डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवडे उलटल्याशिवाय टीएसएच पुन्हा करण्यात अर्थ नसतो. दोन आठवड्यांत तपासणी करून डोस वाढवत नेणे मला अजिबात मान्य नाही. त्याने वृद्धांचे हृदय आणि हाडे धोक्यात येतात.

मधुमेहाबद्दल तू बरेच वाचलेले आहेस. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण 26.4 टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक निघाले, एवढे ध्यानात ठेव. मात्र रक्तक्षयाच्या रुग्णात एचबीएवनसीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवर, विसंबू नकोस, कारण लाल पेशींचे आयुष्य बदलले की तो आकडा फसवतो.

आणखी एक. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणारा रुग्ण ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या एकदम बंद करतो, तेव्हा बाहेरच्या स्टेरॉइडमुळे झोपी गेलेल्या अधिवृक्क ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. कोणती पांढरी गोळी, किती दिवस, कधी थांबवली, हे नुसते विचारू नकोस. घरातून पाकीट आणायला सांग. पुढच्या पत्रात तुला कोडे वाटलेले रिपोर्ट रुग्णाचे नाव झाकून पाठव. रक्त किती वाजता काढले आणि त्या सकाळी कोणते औषध घेतले होते, तेही त्यावर लिही.

तुझा,
सर