एका प्रश्नाने सुटला असता तो गुंता

प्रश्न : ‘संगीत संशयकल्लोळ’ पुन्हा पाहिले. एका सरळ प्रश्नाने मिटणारा घोटाळा शेवटपर्यंत का ताणला असावा? शेवटही घाईचा वाटला.
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाटकातला संशयी नवरा फाल्गुनराव विचारत नाही असे नाही, उत्तर ऐकण्याआधीच त्याचा निवाडा झालेला असतो. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर नेमकी फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला सापडावी, हा योगायोग आपण मान्य करायचा. पुढचे सारे स्वभावातून घडते आणि तर्क तपासायचा तो तिथेच. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या प्रहसनावरून हरिपूरच्या (म्हणजे तुमच्या शेजारच्याच) गोविंद बल्लाळ देवलांनी रचलेले हे नाटक १९१६ साली संगीतरूपात रंगभूमीवर आले. शेवट घाईचा आहे, हे मान्य. मात्र फाल्गुनराव कायमचा सुधारला, असे मानण्याची सक्ती देवलांनी केलेली नाही.