एकतिसाव्याला थांबवलं तेव्हा

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फिटनेसच्या स्पर्धेत पहिल्यांदा पंच म्हणून उभी राहणार आहेस आणि धास्ती कसली, तर मोजणी चुकण्याची नाही. समोरचा धापा टाकत असताना त्याला ‘नो-रेप’, म्हणजे ‘हा धरला नाही’, म्हणायचं कसं, याची. ‘एवढा जीव तोडून करतोय, दोन बोटं कमी बसला तर काय बिघडलं?’ असं तू लिहिलंयस. खरं सांगू, हेच मीही बरीच वर्षं मनात म्हणायचो आणि त्याला स्वतःचा चांगुलपणा समजायचो.

मग एका हौशी स्पर्धेत वॉल बॉलच्या फेरीला, म्हणजे जड बॉल घेऊन पूर्ण खाली बसायचं आणि उठताना तो भिंतीवरच्या टार्गेटला मारायचा त्या प्रकाराला, माझ्या लेनमध्ये (एका स्पर्धकाच्या पट्ट्यात) एक नवखा मुलगा आला. तिसऱ्या-चौथ्या बॉलपासूनच त्याची बैठक अर्धवट होती. मला दिसत होतं, तरी मी मोजत राहिलो. दहा, वीस, तीस. तेवढ्यात मुख्य पंच फिरत फिरत आमच्या लेनपाशी येऊन थांबले आणि एकतिसाव्याला माझ्या तोंडून निघालं, ‘नो-रेप, खोली कमी.’ पोरगा बॉल छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिला. ‘मग आधीचे तीस?’

काय सांगणार होतो? त्याची बैठक बदललीच नव्हती, बदललो होतो मी. शेजारच्या लेनमधली बाई प्रत्येक वेळी पूर्ण खाली जात होती आणि आकड्यांत त्याच्या मागे होती. तिचं नुकसान मी केलं हे तिला आजतागायत ठाऊक नसेल. आणि त्या मुलाचंही केलं, कारण थकल्यावर खोली बदलायला सांगणं म्हणजे अर्ध्या वाटेत नियम बदलणं. पहिल्याच बॉलला सांगितलं असतं तर त्याचा एक बॉल गेला असता, बाकीचे सुधारले असते.

म्हणून कडकपणा दाखवायचा तर सुरुवातीलाच दाखव. त्याहून बरं म्हणजे हीट, म्हणजे एका तुकडीची फेरी, सुरू होण्याआधी तुझ्या लेनमधल्या माणसाला म्हण, ‘मला एक करून दाखवा.’ बॉलशिवाय एक स्क्वॉट पुरे. मांडी आणि धड जिथे दुमडतात ती घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेली पाहिजे. त्याला तिथवर नेऊन क्षणभर थांबव, ‘इथे’ म्हण. शरीराला ती जागा कळली की पुढचं निम्मं काम झालं. पहिल्यांदा उतरलेल्यांसाठी हे हमखास कर. त्यांना सवलत नको असते, नेमकं काय धरलं जाणार हे माहीत हवं असतं.

उभं कुठे राहायचं, यावर मात्र मी जरा हट्टी आहे. समोर उभं राहून खोली दिसत नाही, कधीच नाही. बाजूला ये, थोडं तिरकं, आणि डोळे त्याच्या कमरेच्या उंचीला आण. गुडघा टेकावा लागला तर टेक. सैल शॉर्ट्समध्ये घडी झाकली जाते, तेव्हा कापडाकडे नाही, मांडीच्या वरच्या रेषेकडे बघ. वॉल बॉलमध्ये दोन टोकं सांभाळायची असतात, खाली बैठक आणि वर टार्गेट. आधी खाली बघ, मग नजर बॉलबरोबर वर ने. पुल-अपला खाली हात पूर्ण सरळ झाले का, हे वरच्या हनुवटीइतकंच महत्त्वाचं, आणि लोक चोरी करतात ती बहुतेक खालीच. बर्पीला, म्हणजे जमिनीवर पालथं पडून पुन्हा उठण्याच्या प्रकाराला, छाती जमिनीला टेकली का, ते बघ.

आकडा उच्चारायचा तो हालचाल पूर्ण झाल्यावर, आधी नाही. चूक झाली तर ‘नो-रेप’ आणि एकच शब्द: ‘खोली’, ‘कोपर’, ‘टार्गेट’. भाषण नको, त्याला श्वास घ्यायचाय. मग शेवटचा धरलेला आकडा पुन्हा सांग, म्हणजे दोघांची मोजणी जुळते. तो वाद घालू लागला तर हीट संपल्यावर मुख्य पंचांकडे जायला सांग आणि मोजत राहा. आणि जे दिसलं नाही ते चूक म्हणून देऊ नकोस. शंका आली तर ती तुझ्या जागेची चूक समज, सरक आणि पुढचा नीट बघ.

पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे वजन उचलण्याच्या खेळात, तीन पंच असतात, पांढरे-लाल दिवे असतात, तिघांतल्या दोघांचं मत चालतं. एकाची नजर चुकली तरी दुसरे दोघे असतात. आपल्या हौशी स्पर्धांत लेनमागे एकच माणूस, आणि तो बहुधा ओळखीचाच. क्रॉसफिट या व्यायामप्रकाराची ‘ओपन’ ही स्पर्धा २०११ पासून चालू आहे. तिथे जगभरातले लोक आपापल्या जिममध्ये वर्कआउट करतात आणि बऱ्याचदा जिममधलाच सोबती पंच असतो. सोबत्याच्या कागदावर सही करताना हात जड होतो, हे मला माहीत आहे. पण ती सही वाचणारे तुला ओळखत नसतात; त्यांना फक्त आकडा दिसतो. शक्य असेल तिथे मित्राची लेन दुसऱ्याला दे. मी देतो, आणि मित्र रुसतातही.

एक गल्लत टाळ. पाठ वाकडी, चेहरा वेडावाकडा, बार डुगडुगतोय, तरी नियमात लिहिलेली दोन्ही टोकं गाठली असतील तर ते मोजायचं. ‘छान नाही दिसलं’ हे नो-रेपचं कारण नाही. उलट एखादीचा स्क्वॉट चित्रासारखा सुंदर असतो आणि चार बोटं वर थांबतो. तो नाही धरायचा. तंत्र शिकवणं प्रशिक्षकाचं काम. माणूस स्वतःला दुखापत करून घेईल असं वाटलं तर मुख्य पंचांना हाक मार. आकड्यातून शिक्षा देऊ नकोस.

आणि तुझीही चूक होईल. मोजणी निसटेल, एखादा लॉकआउट (सांधे पूर्ण सरळ झाले का ते) बघायचा सुटेल. तेव्हा लगेच सांग, सगळ्यांसमोर सांग. पुढे एखादा जास्तीचा नो-रेप देऊन हिशेब जुळवायला जाऊ नकोस. मी एकदा तेही केलंय; ते आधीच्या चुकीपेक्षा वाईट निघालं, कारण ते मुद्दाम होतं.

त्या मुलाची गोष्ट अर्धी राहिली. पुढच्या स्पर्धेत तो पुन्हा माझ्याच लेनमध्ये आला. मी काही बोलायच्या आत स्वतःहून स्क्वॉटमध्ये बसला, तिथेच थांबला आणि विचारलं, ‘इथे?’ मी वाकून बघितलं आणि म्हटलं, ‘अजून एक बोट.’

तुझी पहिली हीट कशी गेली ते कळव. किती नो-रेप दिलेस ते नको सांगूस, पहिला कितव्याला दिलास ते सांग.