संशोधन सुरक्षेचे प्रशिक्षण कोणाला बंधनकारक?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक आहे. तेथील केंद्र सरकारच्या निधीसाठी अर्ज करण्यापूर्वी तिला ‘संशोधन सुरक्षा’ (म्हणजे संशोधनाचे चोरी व परदेशी हस्तक्षेपापासून रक्षण) प्रशिक्षण घ्यावे लागणार आहे. ती परदेशी असल्यामुळे तिच्यावर संशय घेतला जातो आहे का?

उत्तर : नाही, आणि ही शंका आपण मनातून काढून टाकावी. संगणक-चिपनिर्मिती व विज्ञान संशोधनासाठी अमेरिकेने केलेल्या २०२२च्या ‘चिप्स अँड सायन्स’ कायद्यानुसार, अर्जात प्रमुख संशोधक म्हणून ज्यांची नावे असतात त्या सर्वांना, मग ते जन्माने अमेरिकन असोत वा नसोत, अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत हे प्रशिक्षण पूर्ण करून तसे प्रमाणित करावे लागते. वंश वा मूळ देश पाहून कोणाला लक्ष्य करू नये, असेही हाच कायदा सांगतो.

प्रशिक्षणातील, आपली पदे व परदेशी सहकार्य यांची माहिती निधी देणाऱ्या संस्थेला कळवण्याविषयीचा भाग तिने विशेष लक्षपूर्वक पाहावा. भारतातील एखाद्या संस्थेतले मानद पद, त्यासाठी एक रुपयाही मिळत नसला तरी, अर्जासोबतच्या विवरणात नोंदवावे लागते. परदेशी सहकार्याला सरसकट बंदी नाही. ते लपवणे मात्र फार महागात पडू शकते. शंका असल्यास तिने विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाला अर्जापूर्वीच लेखी विचारावे.