हुकूम निघाला म्हणजे काम झालं, असं नसतं

प्रश्न असा आहे: ‘पुराव्यावर आधारित पोलिसिंग’बद्दल हल्ली बरंच ऐकतो. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांत हे खरंच रुजेल, की ती परदेशातल्या सेमिनारमधलीच गोष्ट राहील?

मी जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे ठाण्यात बसणाऱ्या माणसाला हे कसं दिसतं, ते सांगतो. माझं उत्तर: रुजेल. आपल्याच देशात हे करून पाहिलेलं आहे, आणि ते नेमकं कुठे अडतं हेही त्यातूनच कळलं आहे.

आधी शब्दाचा घोळ काढतो. आम्हाला पुरावा म्हटलं की पंचनामा, मुद्देमाल, साक्षीदार आठवतात. इथला पुरावा वेगळा. गस्त, नाकाबंदी, महिला कक्ष, ट्रेनिंग या ज्या गोष्टी आपण वर्षानुवर्षं करतो, त्यांचा उपयोग होतो का, याचा पुरावा. तो मिळवायचा तर काही ठाण्यांत ती गोष्ट करायची, काहींत करायची नाही, आणि कुठे करायची हे कुणाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मग दोन्हीकडे काय झालं ते मोजायचं. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये गाडीतून होणाऱ्या गस्तीबाबत असं करून पाहिलं. काही बीटमध्ये (गस्तीसाठी वाटून दिलेल्या भागांत) ही गस्त बंद, काहींत वाढवलेली, काहींत होती तशी. गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तोवर गस्त वाढवली की गुन्हे घटतात, हे सगळेच धरून चालले होते.

आता आपल्या देशाकडे येऊ. राजस्थान पोलिसांनी २००५ ते २००८ या काळात ११ जिल्ह्यांतल्या १६२ ठाण्यांत असाच प्रयोग केला. खात्याच्या बाजूने आयपीएस अधिकारी नीना सिंह होत्या, आणि अर्थशास्त्रज्ञांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो. वेगवेगळ्या ठाण्यांत वेगवेगळे बदल केले. कुठे बदल्या थांबवल्या. कुठे तपासाचं आणि लोकांशी नीट बोलण्याचं ट्रेनिंग दिलं. कुठे हक्काची साप्ताहिक सुट्टी आणि ड्युटी फिरती ठेवण्याचा नियम केला. कुठे गावातली माणसं ठाण्यात येऊन बसतील आणि काम बघतील, अशी सोय केली.

शिवाय एक गोष्ट केली, ती मला सगळ्यांत धाडसाची वाटते. संशोधकांची माणसं सामान्य फिर्यादी बनून ठाण्यात जायची, बनावट तक्रार सांगायची आणि गुन्हा नोंदवून घेतात का ते बघायची. अंमलदार लिहून घ्यायला लागला की आपण कोण ते उघड करायची. अशी माणसं येतात हे कळल्यावर पुढच्या तक्रारी जास्त नोंदवल्या जाऊ लागल्या. ज्याने कधी ठाण्याबाहेरच्या बाकावर दोन तास काढले असतील, त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

निकाल काय लागला? ट्रेनिंग आणि बदल्या थांबवणं, या दोन्हींनी फिर्यादींचं समाधान वाढलं. साप्ताहिक सुट्टी आणि गावकरी निरीक्षक यांचा ठाम असा परिणाम दिसला नाही.

इथे लोक घाई करतात. ‘सुट्टी देऊन काही होत नाही, हे सिद्ध झालं’ असं म्हणून मोकळे होतात. तसं मुळीच नाही. सुट्टीचा हुकूम निघाला, पण बऱ्याच ठाण्यांत ती नीट दिलीच गेली नाही. ट्रेनिंगला माणूस एकदा गेला की ते झालं. बदल्या वरूनच थांबतात. पण सुट्टी दर आठवड्याला, दर माणसाला, ठाण्याच्या साहेबाने द्यावी लागते. त्याच्याकडे माणसं कमी, वर अचानक बंदोबस्त. तो पहिल्या महिन्यात देतो आणि मग हळूहळू थांबवतो. जे औषध रोग्याच्या पोटात गेलंच नाही, त्याला गुण नाही असं कसं म्हणणार?

हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ठाण्याचं नाव सांगत नाही. भिंतीवर सुट्टीचा तक्ता होता, शाईने आखलेला. त्यात माझी सुट्टी मंगळवारी. त्या मंगळवारी सकाळी सात वाजता फोन आला, मोर्चाचा बंदोबस्त. गेलो. रात्री साडेअकराला घरी आलो तेव्हा मुलगी झोपलेली होती, तिच्या वह्यांना कव्हर घालायचं ठरलं होतं. तक्त्यात माझ्या नावापुढे ‘सा. सु.’ तसंच राहिलं, कुणी खोडलं नाही. महिनाअखेर जो अहवाल वर गेला, त्यात सगळ्यांना सुट्टी मिळालेली होती. कुणी वाईट माणूस नव्हता. तक्ता बघून अहवाल लिहिला जात होता, इतकंच. पण हा कागद खरा धरून कुणी संशोधक आला असता, तर त्याने लिहिलं असतं की सुट्ट्या देऊनही पोलीस थकलेलेच आहेत.

म्हणून मला वाटतं, पोलीस खात्यात पुराव्याची पहिली पायरी गुन्ह्यांची आकडेवारी ही नाहीच. आपण जे करतो म्हणतो ते खरंच होतंय का, हे तक्ता न बघता माणसाला विचारून तपासणं, ही पहिली पायरी.

नाकाबंदीचंही तेच. आम्ही कित्येक वर्षं एकाच चौकात उभे राहायचो. पहिल्या अर्ध्या तासात गाड्या मिळायच्या. नंतर मात्र चौकाच्या अलीकडे जी पानाची टपरी होती, तिथूनच गाड्यांचे दिवे गल्लीत वळताना दिसायचे. सगळ्या शिपायांना ते दिसत होतं, रजिस्टरला मात्र फक्त तपासलेल्या वाहनांचा आकडा जायचा. वळून गेलेल्यांसाठी रकानाच नव्हता. राजस्थानातच पुढे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीच्या नाकाबंदीचा वेगळा प्रयोग झाला, तेव्हा हाच प्रश्न नीट तपासला गेला. काही ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी कायम एकाच, सगळ्यांत चांगल्या समजल्या जाणाऱ्या जागी ठेवली. काहींत ती तीन जागांवर फिरती ठेवली. फिरत्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात १७ टक्के आणि रात्रीचे अपघाती मृत्यू २५ टक्के घटले. एकाच जागी केलेल्या नाकाबंदीने फरक पडला नाही. शिवाय ठाण्याच्या माणसांपेक्षा पोलीस लाईनमधून, म्हणजे जिल्ह्याच्या राखीव मनुष्यबळातून, खास याच कामासाठी दिलेल्या पथकांनी काम जास्त नेमाने केलं. त्यांच्या गाड्यांना जीपीएस होतं, आणि ठाण्यातली इतर दहा कामं त्यांच्या डोक्यावर नव्हती.

मध्य प्रदेशात १२ जिल्ह्यांतल्या १८० ठाण्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. महिला मदत कक्ष सुरू केल्यावर महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि एफआयआर वाढले ते मुख्यतः महिला पोलीस नेमलेल्या ठाण्यांत. नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले, असं समजून क्राईम मीटिंगमध्ये त्या ठाण्याला झापलं, तर मात्र सगळ्यावर पाणी पडेल.

आपल्याकडे मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली आणि जानेवारी २०१७ पासून शहरातल्या इतर ठाण्यांत नेली. ती कल्पना एका पोलीस शिपायाने मांडली होती आणि आयुक्तांनी ऐकून घेतली, हे मला फार मोलाचं वाटतं. आधी एका ठाण्यात करून बघायचं आणि मग पसरवायचं, ही सवय आपल्यात आहे. तिला फक्त चिठ्ठ्या टाकण्याची आणि मोजण्याची जोड द्यायला हवी.

तुम्ही खात्यात असाल आणि हाताशी एखादं ठाणं असेल, तर मोठ्या संस्थेची वाट बघू नका. नाकाबंदीच्या सहा जागा लिहा. त्या रात्री कुठे उभं राहायचं ते संध्याकाळी चिठ्ठी काढून ठरवा, आधी कुणाला सांगू नका. एका शिपायाला चौकाच्या अलीकडे साध्या वेशात उभं करा आणि वळून जाणाऱ्या गाड्या मोजायला सांगा. तीन महिन्यांनी तो आकडा आणि रात्रीच्या अपघातांची नोंद शेजारी शेजारी ठेवून बघा, आणि गेल्या वर्षीचे तेच तीन महिनेही काढा. आणि सुट्टीच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: ‘प्रत्यक्ष मिळाली का’. त्यापुढे सही मात्र ज्याची सुट्टी त्याचीच घ्या.